एनक्लेक्सच्या सरावात अकरा वर्षांचा अनुभवच आड येतो आहे का?

रात्रपाळी

नमस्कार. मी सोलापुरातील एका खासगी रुग्णालयात ११ वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे. आधी जीएनएम ही परिचर्येची पदविका केली, मग मध्ये दोन वर्षे काढून पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही पदवी पूर्ण केली. गेल्या दिवाळीपासून एनक्लेक्स-आरएन या, परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, परिचारिका म्हणून काम करण्यासाठी लागणाऱ्या परवाना परीक्षेची तयारी सुरू केली आहे. पुस्तके आहेत, सशुल्क प्रश्नसंच आहे आणि घरच्यांचा पाठिंबाही आहे, परंतु सरावात माझे गुण ५० ते ५४ टक्क्यांच्या पुढे सरकत नाहीत. माझ्याच वॉर्डातील जेमतेम वर्षभरापूर्वी उत्तीर्ण झालेली मुलगी तोच संच सोडवून ६५ च्या आसपास गुण मिळवते, आणि सलाइनची शीर सापडली नाही की मलाच हाक मारते.

परवाचा एक प्रश्न सांगते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी रुग्णाला अचानक धाप लागते आणि छातीत दुखू लागते. परिचारिकेने सर्वांत आधी काय करावे? डॉक्टरांना कळवावे, खाटेची डोक्याकडील बाजू उंच करून ऑक्सिजन द्यावा, ईसीजी काढावा की रुग्णाला धीर द्यावा, असे चार पर्याय होते. मी क्षणाचाही विचार न करता पहिला पर्याय निवडला आणि तो चुकला; बरोबर उत्तर दुसरा पर्याय होता. अशा चुकांची मी वेगळी वही केली आहे व तिची ४० पाने भरली आहेत.

शिकवणी लावावी का आणि परीक्षेसाठी हैदराबाद सोयीचे की मुंबई, हेही विचारायचे आहेच. पण मूळ शंका ही की, इतक्या वर्षांची सवय या परीक्षेत अडथळा ठरते का, आणि ठरत असेल तर ती सोडवायची कशी?

कडक_भाकरी

११ वर्षांचा अनुभव आड येत असेल, तर माझा २२ वर्षांचा अनुभव म्हणजे भुईकोटाची तटबंदीच म्हणायची. धागा वाचते आहे.

जुळे_सोलापूरकर

मी ही परीक्षा हैदराबादला दिली आणि दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे पदवी किंवा पदविका मिळाली की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करायची आणि कामाला लागायचे, ही पद्धत आहे. नोंदणीपूर्वी वेगळी परवाना परीक्षा द्यावी लागत नाही. त्यामुळे आपण ज्या परीक्षा दिल्या त्या सगळ्या 'न्यूमोनियाच्या रुग्णाची परिचर्या लिहा' या स्वरूपाच्या होत्या आणि पाने भरली की गुण मिळत होते. एनक्लेक्समध्ये तुम्हाला किती माहीत आहे, यापेक्षा चार बरोबर गोष्टींपैकी आधी कोणती कराल, हे विचारलेले असते. तुमच्या प्रश्नातील चारही पर्याय वॉर्डात करायचेच असतात. भांडण फक्त क्रमाचे आहे.

परीक्षेची रचनाही समजून घ्या. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात, वेळ ५ तासांचा असतो आणि तुमच्या आधीच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. तुम्ही उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहात किंवा खाली आहात याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो, म्हणून ८५ व्या प्रश्नाला पडदा बंद झाला याचा अर्थ उत्तीर्ण असाही होतो आणि नेमका उलटाही. पहिल्या खेपेस माझा पडदा ८५ लाच बंद झाला आणि मी बाहेर येऊन घरी फोन करून पेढे आणायला सांगितले. त्या पेढ्यांविषयी आमच्या घरात अजूनही बोलले जाते. दुसऱ्या खेपेस संगणकाने मला १३० च्या पुढे ओढत नेले, आणि त्या वेळी मी उत्तीर्ण झालो.

निवृत्त_मेट्रन

मी ३४ वर्षे सरकारी सेवेत काढली आणि शेवटची ६ वर्षे मेट्रन, म्हणजे परिचारिकांची प्रमुख, होते. मला हे पटलेले नाही. रात्रपाळीताईंनी दिलेले उत्तर चूक कसे? आमच्या काळी लेखी आदेशाशिवाय एखाद्या मुलीने ऑक्सिजन सुरू केला असता, तर दुसऱ्या दिवशीच्या राउंडला सगळ्यांसमोर तिचा उद्धार झाला असता. 'तुला कोणी सांगितले होते?' हे वाक्य आमच्या पिढीने इतक्या वेळा ऐकले आहे की, हात आपोआप कॉल बुककडे जातो. कॉल बुकात वेळ लिहायची, मावशीच्या, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस बाईच्या, हाती ते निवासी डॉक्टरांकडे पाठवायचे आणि त्यांची सही आली की आपण सुटलो. ही सवय मुलींना आळसामुळे लागलेली नाही, संस्थेने ती लावलेली आहे.

प्रवासी_६५

मेट्रनबाई, आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे, आणि म्हणूनच मला वाटते की रात्रपाळीताईंचा अडसर ज्ञानाचा नसून कॉल बुकाचा आहे. माझ्या चुकांची मी एकदा छाननी केली होती. औषधशास्त्रात मी बरी होते. पोटॅशियम शिरेतून कधीही थेट ढकलायचे नाही, डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध देण्याआधी प्रौढ रुग्णाची नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची आणि ती ६० च्या खाली असेल तर मात्रा थांबवायची, असे प्रश्न चुकत नव्हते. चुकत होते ते 'सर्वांत आधी काय', 'कोणत्या रुग्णाकडे आधी जाल' आणि 'हे काम कोणाकडे सोपवाल' या तीन जातींचे प्रश्न.

टेरी_टॉवेल

माझी पत्नी परिचारिका आहे आणि मी चाटी गल्लीत व्यापार करतो, त्यामुळे मला यातले काही कळू नये. पण रोज रात्री तिला प्रश्न वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असल्याने मीही अर्धा सिस्टर झालो आहे. काल मी तिला ठामपणे सांगितले की, क्षयाच्या रुग्णाला खिडकीजवळची खाट द्यावी. ती म्हणाली, 'वॉर्डात हेच करतो, परीक्षेत यालाच शून्य.'

प्रवासी_६५

टेरी_टॉवेल, आपल्या पत्नीचे बरोबर आहे. क्षय, गोवर आणि कांजिण्या यांसाठी परीक्षेला ऋण दाबाची (आतली हवा बाहेर पसरू न देणारी) स्वतंत्र खोली, बंद दार आणि एन-९५ मुखपट्टी अपेक्षित असते. आपल्या वॉर्डात अशी खोली नसते, म्हणून आपण खिडकीची खाट देतो, आणि हवा खेळती ठेवण्यामागचे शास्त्रही खरेच आहे. परीक्षेच्या रुग्णालयात मात्र सगळी साधने हजर असतात आणि मनुष्यबळही पुरेसे असते, असे धरून चालावे लागते.

अक्कलकोट_रोड

सोपवण्याच्या प्रश्नांबद्दल थोडे लिहिते, कारण सोलापूरच्या माणसाचा घोटाळा नेमका तिथे होतो. आमच्या वॉर्डात शहराच्या पूर्व भागातून तेलुगू बोलणारे, अक्कलकोट-इंडी बाजूने कन्नड बोलणारे आणि उरलेले आपण मराठी, असे रुग्ण असतात. घरी सोडताना इन्सुलिन कसे घ्यायचे हे समजावायचे असेल, तर आम्ही सरळ मावशीला बोलावतो, कारण तिला तिन्ही भाषा येतात. ती नसेल तर रुग्णाच्या दहावीतल्या मुलीला पुढे करतो. परीक्षेत हे दोन्ही चूक. तिथे प्रशिक्षित दुभाषाच हवा, नातेवाईक नको, आणि लहान मूल तर नकोच. कारण घरचे माणूस गाळून सांगते, भर घालून सांगते आणि कधी लाजेपोटी सांगतच नाही.

हे वाचल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली. एका आजींना मुलामार्फत आम्ही 'जेवणाआधी अर्धा तास' असे सांगितले होते आणि त्या आठवड्याभराने ग्लानीत परत आल्या. मुलाने आईला फक्त 'सकाळ-संध्याकाळ सुई' एवढेच सांगितले होते. सुई टोचून आजी भाकरी थापायला बसत आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर मग स्वतः जेवत. तेव्हापासून मी तो नियम अमेरिकी चोचला म्हणत नाही.

मदतनिसाकडे काय द्यायचे नाही, तेही लक्षात ठेवा: मूल्यमापन, शिकवणे आणि निर्णय. स्थिर रुग्णाची आंघोळ, चालवणे, तापमान घेणे किंवा लघवी मोजून लिहिणे हे देता येते. पक्षाघाताच्या रुग्णाला पहिल्यांदा भरवणे देता येत नाही, कारण ठसका लागतो का हे पाहणे म्हणजेच मूल्यमापन आहे. आपल्याकडे नळीवाटे दूध घालण्याचे कामही नातेवाईकच करतात, म्हणून तो प्रश्न वाचताना आपल्याला त्यात काही खटकतच नाही.

निवृत्त_मेट्रन

काल मी जरा रागाने लिहिले होते. रात्री झोप येईना, म्हणून स्वतःच्याच नोकरीतले प्रसंग आठवत बसले.

१९९० च्या सुमाराची गोष्ट आहे. मेडिकल वॉर्ड, रात्रीचे तीन वाजले असतील, ३८ रुग्ण आणि मी एकटी. एका तरुणाला रक्त चढत होते. त्याने आधी पांघरूण मागितले, मग दात वाजू लागले आणि 'सिस्टर, कंबर मोडल्यासारखी दुखतेय' असे म्हणाला. मी पळत जाऊन आधी रक्त बंद केले, नळी काढून नवा सेट लावला, नॉर्मल सलाइन सुरू केले, नाडी आणि रक्तदाब घेतला, बाटलीवरचा क्रमांक कागदपत्रांशी पडताळला आणि त्यानंतर मावशीला कॉल बुक घेऊन धाडले. डॉक्टर आले तेव्हा २५ मिनिटे झाली होती. तो मुलगा वाचला. मला कोणी 'तुला कोणी सांगितले होते' असे विचारले नाही, कारण विचारायला कोणी जागेच नव्हते.

आता माझ्या लक्षात येते की, दिवसपाळीत मी हेच सगळे डॉक्टरांना विचारून केले असते आणि रात्री न विचारता केले. रात्रपाळीताई, आपण नाव तर छान घेतले आहे, पण उत्तरे दिवसपाळीची देता आहात, असे माझे मत झाले आहे. रात्रीचे तीन वाजले आहेत आणि डॉक्टर शस्त्रक्रियागृहात अडकले आहेत, असे समजून प्रश्न वाचून पाहा.

कडक_भाकरी

मेट्रनबाई, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले.

जुळे_सोलापूरकर

मेट्रनबाईंचा उतारा शिकवणीच्या महिनाभराच्या व्याख्यानांपेक्षा उपयोगाचा आहे, पण त्याला एक पुरवणी जोडतो, नाहीतर ताई उलट्या दिशेने चुकायला लागतील. 'डॉक्टरांना कळवा' हा पर्याय प्रत्येक वेळी चूक नसतो. प्रश्नातच मूल्यमापन पूर्ण झालेले असेल, परिचारिकेच्या हातातले उपाय करून झालेले असतील किंवा दिलेल्या पर्यायांत तसा एकही नसेल, आणि रुग्ण खालावत असेल, तर कळवणे हेच उत्तर असते. म्हणून प्रश्न वाचताना दोन गोष्टी तपासा: मला निर्णयापुरती माहिती मिळाली आहे का, आणि मी आत्ता या क्षणी स्वतः काही करू शकते का? माहिती अपुरी असेल तर आधी तपासणी. माहिती पुरेशी असेल आणि हातात उपाय असेल तर आधी उपाय. दोन्ही संपले की फोन.

प्रवासी_६५

रात्रीची उपमा मलाही आवडली, पण रात्री आपण ३८ रुग्णांत एकट्या असल्यामुळे ज्या पळवाटा काढतो, त्या परीक्षेत नेऊ नका. नाडी न मोजता तक्त्यावर ७८ लिहिणारी सिस्टर मी पाहिलेली आहे. (ती मीच होते, एका रात्रीपुरती.)

हिशोबी

गणिताकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. १००० मिली सलाइन ८ तासांत द्यायचे असेल तर मिनिटाला थेंब किती? वॉर्डातली जुनी सिस्टर डोळे मिटून ४२ सांगेल, कारण आपला नेहमीचा सेट एका मिलीला २० थेंबांचा असतो. प्रश्नात मात्र १५ थेंबांचा सेट दिलेला असेल तर १००० गुणिले १५ भागिले ४८० असे ३१.२५, म्हणजे ३१ उत्तर येते. शिवाय वजन पाउंडात दिलेले असते, ते २.२ ने भागून किलो करावे लागते. औषधांची नावेही वेगळी: आपले पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनॅलिन तिथे एपिनेफ्रिन आणि पेथिडिन तिथे मेपेरिडिन. ही नावे पाठ करण्यास दोन संध्याकाळी पुरतात, त्यासाठी शिकवणी नको.

अक्कलकोट_रोड

शिकवणीचा विषय निघालाच आहे, तर माझा अनुभव सांगते. मी एका ऑनलाइन शिकवणीला मोठी रक्कम भरली. त्यांनी दिलेल्या टिपणांत 'लागू असणारे सर्व पर्याय निवडा' या प्रकारात एक जरी पर्याय चुकला तरी शून्य गुण, असे लिहिलेले होते. १ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचे नवे स्वरूप लागू झाले आणि त्यात अंशतः गुण मिळतात. त्या प्रकारात बरोबर निवडीला एक गुण मिळतो, चुकीच्या निवडीला एक वजा होतो आणि बेरीज शून्याच्या खाली जात नाही. म्हणजे खात्री नसलेला पर्याय 'असू दे' म्हणून टिकवायचा नाही, आणि एका शंकेपायी चार खात्रीचे पर्याय सोडायचेही नाहीत. एकाच रुग्णाची कहाणी पुढे सरकत जाते आणि तिच्यावर सहा प्रश्न येतात, अशा कहाण्या प्रत्येक उमेदवाराला किमान तीन मिळतात. त्यांचा सराव माझ्या शिकवणीत एकदाही झाला नाही. पैसे द्यायचेच असतील तर आधी टिपणांचे वर्ष विचारा.

टेरी_टॉवेल

एक शंका, कोणाचा हिरमोड करण्यासाठी नव्हे. अमेरिकेच्या रोजगार व्हिसासाठी भारतात जन्मलेल्यांची रांग अनेक वर्षांची आहे, असे सगळे सांगतात. मग ही परीक्षा आत्ता देऊन करायचे काय? आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तेव्हा त्यांच्याकडे कोणी शैक्षणिक पात्रतेचे मूल्यमापन मागितले नसावे.

जुळे_सोलापूरकर

रांग खरी आहे आणि मी स्वतः त्यात उभा आहे. परंतु एनक्लेक्स केवळ अमेरिकेची राहिलेली नाही. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत २०१५ पासून हीच परीक्षा आहे, आणि ऑस्ट्रेलियातही परदेशी परिचारिकांच्या नोंदणीच्या एका मार्गात ती द्यावी लागते. ब्रिटनची पद्धत निराळी आहे. तिथे संगणकावरची चाचणी इथे देता येते आणि प्रत्यक्ष कौशल्यांची परीक्षा तिथे जाऊन द्यावी लागते. आधी देश ठरवा आणि मग पुस्तक उघडा, हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण नुसते शुल्कच २०० डॉलर आहे आणि अमेरिकेबाहेरच्या केंद्रासाठी आणखी १५० डॉलर भरावे लागतात.

केंद्राबद्दल: सोलापूरहून हैदराबाद साधारण ३०० किलोमीटर आणि मुंबई त्याहून शंभरभर किलोमीटर लांब. मुंबईला सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रीतून जाता येते, पण गाडीतून उतरून थेट परीक्षेला बसू नका. कुठेही जा, आदल्या दिवशी पोहोचा. आणि पारपत्रावरचे नाव परीक्षेच्या परवानगीपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळते का, हे आजच पाहा. आपल्या बायकांची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, परिषदेची नोंदणी अर्धी माहेरची आणि पारपत्र सासरचे, असा तिढा हमखास असतो.

रात्रपाळी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये सलग रात्रपाळ्या आल्या, आणि दिवसा पत्र्याच्या घरात या उन्हात झोप लागत नाही. पाणी येण्याच्या दिवशी तर अभ्यास सोडूनच द्यावा लागतो.

मेट्रनबाईंच्या सांगण्यावरून मी चुकांची वही पुन्हा चाळली आणि प्रत्येक चुकीपुढे खूण केली. २१२ चुकांपैकी ९७ चुका 'कॉल बुक' जातीच्या निघाल्या. ३१ चुका सोपवण्याच्या होत्या, त्यातल्या बऱ्याच मावशींच्या भरवशावर केलेल्या. औषधांच्या चुका मला वाटल्या होत्या त्याच्या निम्म्याही नव्हत्या, म्हणजे मी चार महिने चुकीचा विषय घोकत होते. आता रोज ४० च प्रश्न सोडवते, पण प्रत्येक प्रश्नाच्या चारही पर्यायांना कारण लिहिते; चुकीचा पर्याय का चुकला, एवढेच नव्हे तर माझ्या वॉर्डात तो का बरोबर वाटतो, हेही लिहिते. गेल्या तीन संचांत ५८, ६१ आणि ५९ टक्के मिळाले आहेत. शिकवणी लावणार नाही, असे ठरवले आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते. सरावात आधी तपासणी, मग उपाय असे करू लागल्यापासून वॉर्डातही हात तसाच चालतो, आणि गेल्या आठवड्यात एका कनिष्ठ डॉक्टरांनी मला ते नेहमीचे वाक्य ऐकवलेच.

निवृत्त_मेट्रन

त्यांना सांगायचे, तीन वाजले होते.

नातवाच्या फोनवर मीही दहा प्रश्न सोडवले. सहा बरोबर आले. दुभाषाचा चुकला, तेलुगू येणाऱ्या आमच्या मावशीपेक्षा तो परका माणूस बरा, हे मला अजून पचलेले नाही. अक्कलकोट_रोड यांनी आजींची गोष्ट सांगितली खरी, पण तिथे मुलगा चुकला होता, मावशी नव्हे.

अक्कलकोट_रोड

मेट्रनबाई, मान्य आहे. तरीही परीक्षेत मावशीला बोलावू नका.

जुळे_सोलापूरकर

रात्रपाळीताई, नावाचे काय झाले?

रात्रपाळी

तेच सांगायचे राहिले. गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या, पारपत्र सासरच्या नावाचे आणि परिषदेच्या नोंदणीत माहेरचे नाव पण सासरचे आडनाव, असा तिन्हींचा तीन तऱ्हांचा मेळ आहे. राजपत्रात नावबदलाची नोंद करून परिषदेकडे दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. ती दुरुस्ती हाती येईपर्यंत केंद्राची तारीख घेत नाही, म्हणून हैदराबाद की मुंबई हा प्रश्न तूर्त तसाच राहू द्या.